ऐपत नसताना उपचार कसे मिळाले? अनुभव लिहा

उपचार सगळ्यांना मिळायला हवेत याला इथं कुणी नाही म्हणणार नाही, तेव्हा मतं नकोत. कुठं अडलं, कुणी वाट दाखवली, तेवढं लिहा. हॉस्पिटलचं नाव घालू नका. सुरुवात मीच करते.

पुणे
सासऱ्यांना छातीत कळ आली म्हणून जवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर पहिला शब्द ‘डिपॉझिट’. बाकावरच्या एका बाई हळूच म्हणाल्या, “अगं, धर्मादाय आहे हे, समाजसेवकाला गाठ.” उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून नियम आहे: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट मागायचंच नाही. हे सगळं लिहिलेला बोर्ड तिथं होता. वॉटर कूलरच्या मागे! तो वाचून दाखवल्यावर कागद हलले. त्या बाई नसत्या तर आम्ही मंगळसूत्र मोडायला निघालोच होतो.

समाजसेवक, ट्रस्ट हॉस्पिटल
ताई, आमचीही बाजू ऐका. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत, दुर्बल म्हणजे 3,60,000 पर्यंत. यासाठी हॉस्पिटल एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. माझ्यासमोर पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन येणारे गळ्यातली चेन शर्टात ढकलून बसतात, उत्पन्नाचा दाखला मात्र चोख. आणि धुणीभांडी करणारी मावशी दाखला नाही म्हणून व्याजाने पैसे काढते. खरा गरीब कागदात कच्चा असतो. हे मी रोज बघतो.

दोडामार्ग
आमच्याकडे काही मोठं झालं की गाडी सरळ गोव्यात, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, ओरोसपेक्षा, तेच जवळ पडतं. 2018 च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथं शुल्क लागू झालं, तेव्हा इकडे आंदोलनं झाली. गोव्याच्या करदात्याने आमचा भार का उचलावा, हेही खरंच आहे म्हणा. पण अपघातात रक्त वाहताना माणूस राज्याची हद्द बघत नाही. भावाचं ऑपरेशन तिथंच झालं, उत्तम झालं. आमचा प्रश्न बांबोळीला नाही, मुंबईला आहे: इकडे असं हॉस्पिटल कधी?

लेस्टर, इंग्लंड
इथं 1948 पासून डॉक्टरकडे जाताना पाकीट लागत नाही. बाळंतपणात एक पौंड दिला नाही. (व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार आधीच भरलेला असतो, तो वेगळा.) आईच्या गुडघ्यासाठी मात्र वाट बघून बघून शेवटी भारतात येऊन ऑपरेशन केलं. फुकट आहे, पण रांग आहे. रांगेत सगळे सारखे, हे मला तरी पटतं. आईला पटत नाही.

डॉक्टर, तालुक्याचं गाव
छोटं नर्सिंग होम चालवतो. सरकारी योजनेतले रुग्ण घेतले, पैसे महिनोन्महिने अडकले. नर्सचा पगार मी कुठून द्यायचा? गरिबाला सेवा द्या म्हणणारे बरेच भेटतात, वेळेवर बिल चुकतं करणारं कुणी नाही.

नाशिक
समाजसेवक दादा, वडिलांचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलंय. जानेवारीत काढलेला दाखला चालेल ना?

समाजसेवक, ट्रस्ट हॉस्पिटल
नाही. त्याची मुदत 31 मार्चला संपते. एप्रिलमध्ये सेतूत नवा अर्ज टाका, रेशन कार्डाची झेरॉक्स जोडा, आणि वडिलांचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच दाखल्यावर आलंय ना, ते तिथल्या तिथं बघून घ्या.