तुमचे तीन पिक्चर कोणते? खान्देशकरांनो, सांगा

जळगावात सध्या दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरसमोर पडून राहणं हेच काम. परवा असाच पडलो असताना एक यादी वाचली. 'साइट अँड साउंड' नावाचं ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारतं की आजवरचा सर्वांत थोर चित्रपट कोणता. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन'ने पहिला नंबर सोडला नाही. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आला. २०२२ मध्ये 'जान डीलमान' नावाचा १९७५ चा चित्रपट वर गेला. २०१ मिनिटं लांब. त्यात एक बाई बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे बघायला लोक तिकीट काढतात? मग तुम्ही ओट्याजवळ येऊन बसा. रोज फुकट आहे."

१९७५ म्हणजे आपल्याकडे 'शोले' आणि 'जय संतोषी मां'चं साल. तेव्हा डोक्यात आलं, आपणही यादी करू. पण थोर चित्रपटांची नको. थोर कोणते ते सगळ्यांना पाठ असतं, आणि विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखी नावं सांगतो. तुमचे सांगा. माझी कसोटी साधी आहे: टीव्हीवर मधूनच कुठूनही लागला तरी हातातला रिमोट खाली ठेवता, तो पिक्चर. तीनच. कथा सांगत बसू नका, कुठे आणि कोणाबरोबर पाहिला ते लिहा.

माझे तीन: 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), कारण बँकेत तीस वर्षं काढली आणि त्यातलं एखादं वाक्य कोणी टाकलं नाही असा दिवस आठवत नाही. 'सिंहासन' (१९७९), कारण आमचे शाखाधिकारी सगळे त्यातलेच होते. आणि 'शोले'. तो लिहिला नाही तर मित्र चहाला बोलावणार नाहीत.

भुसावळ

काका, माझा एकच. 'द बर्निंग ट्रेन' (१९८०). हसा खुशाल.

माझे वडील इंजिन ड्रायव्हर. घरी असले की झोपलेले आणि जागे झाले की ड्यूटीवर. रात्री दोनला ड्यूटीवर बोलवायला कॉलमन दार वाजवायचा, आई डबा भरायची, आम्ही कूस बदलायचो. वडिलांशी बोलणं म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही घेण्यापुरतं. एका रविवारी का कोण जाणे, ते मला एकट्यालाच पिक्चरला घेऊन गेले. मी नऊ-दहा वर्षांचा असेन.

त्यात खलनायक इंजिनाचे व्हॅक्यूम ब्रेक काढून टाकतो आणि गाडी थांबतच नाही. तिथे वडील पहिल्यांदा बोलले. "खोटं आहे हे. व्हॅक्यूम गेला तर ब्रेक लागतो, सुटत नाही. गाडी जागच्या जागी उभी राहील." मी विचारलं, असं कसं? मग पडद्यावर गाडी पेटलेली, लोक किंचाळताहेत आणि वडील माझ्या कानात पाइप, सिलिंडर, गार्डाच्या डब्यातला व्हॉल्व्ह असं सगळं समजावून सांगताहेत. मागच्या माणसाने दोनदा शुक् केलं. पण वडील थांबले नाहीत. त्यांच्या तोंडून एवढे शब्द मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

पुढे मीही रेल्वेतच लागलो. पिक्चर लागला की बघतो. पण आवाज बंद करून. मला त्यातला आवाज नको असतो.

शिरपूर

शिरपूरचं नाव आलं म्हणजे स्मिता पाटील येणारच. तिचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील इथले, म्हणून गावाच्या लेखी ती आमचीच लेक. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा वय अवघं ३१. त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाच्या तरी घरचं माणूस गेल्यासारखं होतं, एवढं मला आठवतं.

माझा भाऊ दूधवाला. म्हणजे डेअरीचं काम करतो. तो म्हणतो 'मंथन' (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो पिक्चर काढला, ही गोष्ट त्याने आजवर मला शंभरदा सांगितली असेल. चांगलाच आहे, पण माझा 'उंबरठा' (१९८२).

आईबरोबर टीव्हीवर पाहिला. सुलभा घर सोडून नोकरीला जाते, मुलगी मागे राहते. आई गप्प. संपल्यावर एकच बोलली, "मग त्या पोरीचं काय?" मी तेव्हा कॉलेजात, मला राग आला. बापाने सोडलं असतं तर विचारलं असतंस का, असं काहीतरी बोलले. पुढे मीही नोकरी केली, मीही मुलगी सासूजवळ ठेवून धुळ्याला जा-ये केली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की तो विषय निघतो. झोका बांधलेला असतो, पुरणाचे मांडे होत असतात आणि आम्ही दोघी सुलभावरून भांडत असतो. आई आता ८१ ची आहे. तिचा प्रश्न बदललेला नाही. माझं उत्तर मात्र तीन-चारदा बदललं.

दुसरा-तिसरा पिक्चर मला नाही सुचत. एवढ्यावर चालवून घ्या.

धुळे (सध्या पुण्यात)

सैराट. सैराट. सैराट. झाले तीन.

पारोळा

मी ऑपरेटर होतो. २६ वर्षं. कोणत्या टॉकीजला ते विचारू नका, मालकाने शेवटचे चार पगार दिलेले नाहीत.

तुम्ही पिक्चर बघता, आम्ही कोपरा बघतो. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे पिक्चर त्या मशीनवर घ्यायचा. आठ सेकंदांचा खेळ. चुकलं की पडदा पांढरा आणि खालून आईमाईवरून शिव्या. त्यात मशीनला उजेड देणारी कार्बनची कांडी सारखी जळत असते, ती सरकवत राहायची. नाही सरकवली तर हिरो अंधारात. मे महिन्यात केबिनमध्ये काय होत असेल, तुम्हीच विचार करा. मी बनियनवर शो चालवले आहेत.

आमच्याकडे प्रिंट यायची ती पाच-पन्नास गावं फिरून. पिक्चरमध्ये पाऊस पडतो म्हणायचे लोक, इतक्या रेघा. तुटलं की कापायचं, खरवडायचं, चिकटवायचं. दर तुकड्यात चार-दोन फ्रेम जायच्या. 'पिंजरा'ची एक प्रिंट आली होती, तिच्यातल्या एका लावणीची अख्खी ओळ नव्हती. आधीच्या कुठल्या तरी ऑपरेटरने कापून नेली असणार. काही जण जमवायचे तसले तुकडे. पब्लिकने मात्र ती ओळ स्वतः म्हटली. पूर्ण थेटर. पडद्यावर उडी पडली आणि खालचं गाणं मात्र तुटलं नाही.

तेव्हा माझा नंबर एक 'पिंजरा' (१९७२). बाकीच्यांचे मला चेहरे आठवत नाहीत, कोपरे आठवतात. एकदा सुट्टी घेऊन जळगावला तिकीट काढून 'सामना' पाहायला गेलो. गादीच्या खुर्चीत बसलो. पूर्ण वेळ कोपराच बघत होतो.

अमळनेर

साने गुरुजी आमच्या गावच्या प्रताप हायस्कुलात शिकवायला होते, त्यामुळे 'श्यामची आई' (१९५३) आम्हाला सक्तीचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट, अत्रे, वनमाला, माधव वझे, हे सगळं तिसरीतच पाठ. शाळेने रांगेत नेलं होतं. सगळ्या मुली रडत होत्या. मला रडू येईना. बाईंनी पाहिलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "तुला काही वाटलं नाही का गं?" ते 'गं' अजून टोचतं.

मी पुढे स्वतः शिक्षिका झाले आणि मुलांना तोच चित्रपट दाखवला. दरवेळी एखादं कोरडं पोर असायचंच. त्याला मी कधी काही विचारलं नाही.

माझा खरा आवडता 'श्वास'. २००४ मध्ये पाहिला. नातवाची दृष्टी जाणार हे ठरल्यावर आजोबा त्याला घेऊन दवाखान्यातून निघून जातात, त्याला जग बघू देतात. तिथे मी एवढी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने पाण्याची बाटली दिली. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा पहिलाच मराठी चित्रपट, म्हणजे बाईंना आता तक्रारीला जागा नाही.

दोंडाईचाजवळचं खेडं

'माहेरची साडी'. १९९१ चा. माहीत आहे, शहरातले लोक नाक मुरडतात. मुरडू द्या.

आमच्या गावातून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बाया गेल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस, तरी त्या दिवशी वावरात कोणी नाही. मी सहावीत, बायांमध्ये एकटा पोरगा. थेटरात अंधार होताच हुंदके सुरू. मी आईला म्हटलं, "रडू नको माय, पिच्चर शे तो." आई म्हणे, "मी कोठे रडस? डोयामा धूळ गयी."

माझी एक मावशी होती. लग्नानंतर दोन वर्षांत गेली. कशी गेली ते घरात कोणी बोलत नसे, तिचा फोटोही नव्हता. परतीच्या ट्रॉलीत, रात्री, आईने पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. मग दुसऱ्या एका बाईने तिच्या नणंदेचं. मग तिसरीने. गाव येईपर्यंत बाया नावंच घेत होत्या. ड्रायव्हरने ट्रॅक्टर हळू घेतला. मुद्दाम घेतला असावा, असं आता वाटतं.

समीक्षकांनी काय लिहिलं मला ठाऊक नाही. मी तो पिक्चर पुन्हा पाहिलेला नाही. रिमोटच्या कसोटीत मी नापास.

धुळे, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, पण आमच्याकडचे लोक त्याला आपलंच धरतात. म्हणून माझा पहिला नंबर 'सुपरमेन ऑफ मालेगाव', फैजा अहमद खान यांचा माहितीपट. नासिर शेख नावाचा माणूस 'मालेगाव के शोले' काढून मोकळा झालेला, आता सुपरमॅन काढायला निघालाय. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. हिरो शफिक, पॉवरलूमवर काम करणारा सडपातळ पोरगा, त्याचा सुपरमॅन गावातल्या धुळीने दम्याचा पेशंट! हसून हसून पुरेवाट होते आणि मग कळतं की हा शफिक पुढे कॅन्सरने गेला. त्यानंतर दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा तेच विनोद तसे हसवेनात.

दुसरा 'फँड्री'. तिसरा अजून बनायचाय, मी काढणार आहे. अहिराणीत. मोबाइलवर. कोणाकडे बैलगाडी असेल तर कळवा.

आसोदा

'मानिनी' (१९६१). आमच्या गावच्या बहिणाबाईंची गाणी त्यात आहेत. आजी पिक्चर बघायची नाही, रेडिओवर गाणं लागलं की जातं थांबवायची. पिक्चर मी आजवर पूर्ण पाहिलेला नाही. पण यादीत तोच.

रावेर

आमच्याकडे केळी. पाण्याच्या मोटरला लाईट रात्रीची. एक वाजता येते, कधी तीनला. तोवर मचाणावर मोबाइल. असाच एका रात्री 'टिंग्या' (२००८) लावला.

पाय मोडलेला बैल, कर्जातला बाप आणि बैल विकू नका म्हणून हट्ट धरलेलं पोरगं. अर्धा झाला आणि मी बंद केला. त्याच वर्षी पोळ्यानंतर आम्ही आमची जोडी काढली होती. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, बैलाला बारा महिने चारा लागतो, हिशेब सरळ होता. हिशेब मीच केला होता. सोंड्या गाडीत चढेना, तेव्हा व्यापारी म्हणाला, तुम्ही पुढे चला, तो मागे येईल. मी पुढे चाललो. तो आला.

त्यानंतर चार-पाच वेळा पिक्चर लावला. त्याच जागी बंद करतो. मुलगा म्हणतो, पप्पा, शेवट सांगू का? मी म्हणतो, नको. तर माझा सर्वांत आवडता पिक्चर हा, शेवट न पाहिलेला. काका, तुमच्या नियमात बसतो का ते तुम्ही ठरवा.

जळगाव

भाऊ, बसतो. माझं 'सिंहासन' काढून तिथे तुमचा टाकला तरी हरकत नाही. बायकोने सगळं मोठ्याने वाचायला लावलं. ट्रॉलीचं वाचताना ती आत निघून गेली, कांदा चिरायचा आहे म्हणाली. आज उपास आहे तिचा.

आता दिवाळीत मुलगा येणार आहे, त्याला सांगून तो बटाटे सोलणारा पिक्चर मिळवणार. सगळ्यांनी बघायचा.

पारोळा

साहेब, २०१ मिनिटं म्हणजे मिनिटाला ९० फूट धरून १८ हजार फूट. हजार फुटांची १८ रिळं झाली. बघू की. पण इंटरव्हल कुठे टाकायचं ते आधी ठरवा, बटाटे सोलायच्या आधी का नंतर?