डिप्लोमा आणि १२ वर्षं टेस्टिंग, तरी नवीन एम. ई. माझ्या वरच्या ग्रेडला. पगार नक्की कशाचा असतो?

टेस्टबेवाला_बडोदा
नमस्कार मंडळी. इथेच ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, कंपनीचं नाव नाही सांगत, दांडिया बाजारात कोण कोणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही. इलेक्ट्रिकल डिप्लोमा, १२ वर्षं झाली. जूनमध्ये एम. ई. झालेला मुलगा आला, मला दादा म्हणतो, स्वभावाने चांगला आहे, त्याच्यावर राग नाहीच. पण तो थेट माझ्या वरच्या ग्रेडला, आणि पगार जवळजवळ माझ्याएवढा, जिथे पोचायला मला १२ वर्षं लागली.

मागच्या महिन्यात काय झालं सांगतो. २२० केव्हीचा ट्रान्सफॉर्मर, रात्रीचा दीड, पार्शल डिस्चार्ज टेस्ट चालू, म्हणजे इन्सुलेशनमध्ये बारीक ठिणग्या पडतात का ते मोजायचं. लिमिट २५० पिकोकुलंब आणि आमचं मीटर ९०० वर नाचतंय. कस्टमरचा इन्स्पेक्टर जांभया देतोय. मुलाने लॅपटॉपवर पॅटर्न बघितला, म्हणाला वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) गडबड वाटते, टँक उघडायला लागेल. उघडायचा म्हणजे तेल काढा, आतलं सगळं बाहेर घ्या, परत ओव्हनला वाळवा, परत तेल भरा, आठवडा गेला समजा, वर लेट डिलिव्हरीची पेनल्टी वेगळी. मी म्हटलं थांब. व्होल्टेज उतरवलं, अर्थिंग रॉड लावला, हॉलमध्ये चक्कर मारली तर बुशिंगच्या (कनेक्शन टँकबाहेर येतं तो इन्सुलेटरचा खांब) बाजूला कोणीतरी लोखंडी ट्रॉली सोडून गेलेला, रबरी चाकं, अर्थिंगचा पत्ता नाही, मीटर तिच्याच ठिणग्या मोजत होतं. बाहेर ढकलली, परत व्होल्टेज चढवलं, १२०. साडेतीनला घरी.

अप्रेजलला साहेब म्हणाले काम एक नंबर आहे रे, पण तुझ्या क्वॉलिफिकेशनला ह्याच्या वर ग्रेडच नाही. मग पगार कशाचा देतात, कागदाचा की कामाचा?

वेल्डिंग_क्यूसी
दादा, तुम्ही चुकीच्या खात्यात आहात 😄 आमच्या फॅब्रिकेशनमध्ये या. ६जी (पाइप वेल्डिंगची अवघड टेस्ट) पास वेल्डरला कोणी दहावी पास का नापास विचारत नाही. पाइप ४५ अंशात फिक्स, समोर उभं राहून जॉइंट मारायचा, एक्स-रे काढायचा, पास तर पास. आणि एकदा पास झालो म्हणून जन्मभर मिरवता येत नाही, ६ महिने त्या प्रोसेसचं वेल्डिंग केलं नाही तर क्वालिफिकेशन संपतं, परत टेस्ट. शटडाऊनला आमचा ६जीवाला ओव्हरटाइम धरून इंजिनिअरपेक्षा जास्त घरी नेतो आणि इंजिनिअरच त्याला चहा आणून देतो. डिग्रीचं असं कधी होतं का, ६ महिने अभ्यास केला नाही म्हणून बी. ई. रद्द?

पगारपत्रक_ताई
मी एचआरला आहे (शिव्या द्यायच्या असतील तर आधीच द्या). टेस्टबेवाला, तुमचा खरा घोटाळा अप्रेजलमध्ये झालेला नाही, तो १२ वर्षांपूर्वी जॉइन झालात त्या दिवशी झालाय. डिप्लोमावाला डीईटी (डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागतो, डिग्रीवाला जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून, आणि नंतरची प्रत्येक वाढ टक्क्यात. समजा सुरुवातीला १० हजारांचा फरक आहे आणि दोघांनाही दरवर्षी सारखीच १० टक्के वाढ दिली, तर ८ वर्षांनी तोच फरक २१ हजारांच्या वर जातो. काम कोणी कसं केलं ह्याचा त्यात काहीच संबंध नाही. म्हणून टक्का वाढवून मागू नका, अर्धा-एक टक्का हातावर ठेवून पाठवतील. ग्रेड बदलून मागा, आणि त्या रात्रीचं लेखी काढून ठेवा, तारीख, युनिट, किती दिवस वाचले. आमच्यासमोर फाइल येते, माणूस येत नाही.

रावपुऱ्याचे_काका
ताई बरोबर बोलल्या पण डिग्रीला इतकं उडवून लावू नका हो. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं. एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिप्लोमावाला आणि डिग्रीवाला दोघंही बसतात, लागले की दोघांनाही पगाराची लेव्हल ६, महिना ३५,४०० पासून सुरुवात, तिथे भांडण नाही. पण शिकाऊ उमेदवारांचं बघा, २०१९ च्या नियमात कमीत कमी स्टायपेंड आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,०००. म्हणजे पहिल्या दिवशी, काम कोणाचंच बघितलेलं नसताना, कागद बघायचा हे ठीकच आहे, दुसरं बघणार तरी काय? बारा वर्षांनीही तोच कागद बघत बसणं हा मूर्खपणा. आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते गज्जरांना हाताशी धरून, हाताला काम शिकवायला. आज तिथेच युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे आणि तुमचा तो मुलगा बहुतेक तिथलाच असेल.

आणि एक, राग मानू नका. ह्या वेळेला ट्रॉली निघाली. पुढच्या वेळेला खरंच वाइंडिंगमध्ये असलं तर गुंडाळीच्या कुठल्या चकतीत (डिस्कमध्ये) ते तो मुलगाच सांगेल.

कोडवाला_अलकापुरी
परफॉर्मन्सवर पगार म्हणजे रामराज्य असं समजू नका कोणी. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर टिकिटांचा (नोंदवलेल्या कामांचा, तक्रारींचा) आकडा लावला होता, ज्याने जास्त बंद केली त्याला बोनस. झालं काय, सगळे फाँट बदल, स्पेलिंग सुधार असली टिकिटं सकाळी ९ वाजता पळवायचे आणि पेमेंटचा किचकट बग तीन आठवडे कोणी हात लावेना, शेवटी ज्या मुलीने तो सोडवला तिचा आकडा त्या महिन्यात २, आणि रेटिंग सगळ्यात खालचं. टेस्टबेवाला दादांची ती ट्रॉली कुठल्या आकड्यात बसवणार सांगा ना?

वेल्डिंग_क्यूसी
दादा एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, डिग्रीच्या तोडीची) करून टाका की घरबसल्या.

पगारपत्रक_ताई
नको, ३१ मे २०१३ नंतर नाव घातलेल्यांना डिग्रीची मान्यता नाही, उगाच पैसे जातील. करायचीच तर डी-टू-डी (डिप्लोमावरून थेट डिग्रीला प्रवेश), पण नोकरी सांभाळून करता येईल का ते आधी नीट विचारून घ्या.

टेस्टबेवाला_बडोदा
सगळ्यांचे आभार. डी-टू-डी ह्या वयात नाही होणार, दोन पोरांच्या फिया आहेत. ताई, लेखी काढायला बसलोय, ग्रेडचाच अर्ज देणार. काका, राग कसला, बरोबर आहे तुमचं. काल तो मुलगा विचारत होता, दादा तुम्हाला ट्रॉलीचं कसं सुचलं. त्याला खरं ते सांगितलं, २०१६ मध्ये माझ्याच हातून बुशिंगजवळ अॅल्युमिनियमची शिडी राहिली होती. तेव्हा टँक उघडला होता.