मदत हवी आहे: जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं फेसबुकवर टाकण्याबाबत

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात १९३० ते १९५५ दरम्यानचे दिवाळी अंक आहेत. मुखपृष्ठं इतकी देखणी की कपाटात बंद ठेवणं जिवावर येतं. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये दहा लाखांहून जास्त जुनी चित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर खुली केली. तसंच, छोट्या प्रमाणात, फेसबुक-इन्स्टाग्रामवर करायचंय. स्कॅनिंग झालंय. वकिलासाठी निधी नाही.

कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, निनावी चित्राला प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो, एवढं कायद्यात वाचलं. अडचण आहे ती सही असलेल्या, पण चित्रकाराची ओळख न पटणाऱ्या मुखपृष्ठांची. प्रकाशकांना पाठवलेली पत्रं परत आली. अशी चित्रं निनावी धरता येतात का? कुणी हे हाताळलं असेल तर पोस्टखाली नेमकं काय लिहिलंत?