सुकाणूतून पाणी झिरपतंय, पण ते उतरवायचं का?

एका शिडाच्या नौकेच्या मालकाने विचारलंय: नौका पाण्याबाहेर काढून तीन दिवस झाले, तरी सुकाणूच्या खालच्या टोकातून पाणी झिरपतंय आणि कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडायचा आहे, तर काय करू? नुसती भेग बुजवू नका.

आधी टिलर (सुकाणू वळवायची मूठ) घट्ट बांधा आणि पातं, म्हणजे सुकाणूचा पाण्यातला रुंद भाग, दोन्ही हातांनी वळवून पाहा. पात्याला फिरवणारा धातूचा दांडा स्थिर राहून पातं जरासंही हललं, तर आतल्या स्टीलच्या पट्ट्यांचे वेल्ड तुटलेत. तिथे इपॉक्सी (घट्ट होणारं राळेसारखं चिकट मिश्रण) भरून काही होत नाही. पातं उघडावं लागतं किंवा नवं बसवावं लागतं.

हललं नाही, तर तळाशी ६ मिमीचं भोक पाडा. तपकिरी पाणी आलं तर आत गंज आहे. स्टेनलेस स्टीलसुद्धा गंजतं, कारण साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन मिळत नाही आणि त्याचा संरक्षक थर टिकत नाही. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे दांडा पात्यात शिरतो तिथली. तेवढ्यासाठी तरी सुकाणू उतरवाच.

पातं पूर्ण सुकू द्या, याला आठवडे लागतात. दुरुस्तीच्या जागेभोवती फायबरग्लासची कड १२:१ उताराने घासा, म्हणजे ३ मिमी जाडीला ३६ मिमी, आणि मग फायबरग्लासचे नवे थर चढवा.

दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग नायलॉनचं असेल तर बदलाच. ते पाणी पिऊन फुगतं आणि दांडा आवळतं. डेलरिन नावाचं प्लॅस्टिक फारच कमी फुगतं.

आपत्कालीन टिलर (नेहमीची यंत्रणा बिघडल्यास लावायचा) बंदरात नव्हे, लाटांत लावून बघा.