मदत हवी आहे: 'दुःख नसणं' या सुखाला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या आमच्या वाचन मंडळात रविवारी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसवर (इ.स.पू. 341–270) 40 मिनिटं बोलायचं आहे. श्रोते बहुतेक साठीपुढचे, ग्रीक कोणालाच येत नाही.

अडलंय एका शब्दावर. भुकेल्या पोटी गरम भुट्ट्याचा कीस खाताना येते ती मजा हे चालतं सुख. वाटी रिकामी झाली, पोट शांत, कुठे काही टोचत नाही, ते स्थिर सुख. एपिक्युरसला हे दुसरंच मोठं वाटतं. वेदना पुरती गेली की सुख आणखी वाढत नाही, नुसतं रूप बदलतं, असं तो म्हणतो.

'समाधान' घेतलं तर 'मिळालं त्यात भागवा' असं ऐकू येतं. 'शांती' थेट कीर्तनात नेते. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातला, न्यायसूत्रांतला 'अपवर्ग' म्हणजे मोक्ष (1.1.22) जवळचा, कारण तोही दुःखातून सुटकाच, पण त्यात जन्माचा फेरा थांबतो, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन त्या अवस्थेत नित्य सुख मानत नाही. एपिक्युरस तर दुःख नसण्यालाच सुख म्हणतो आणि मेल्यावर काही उरतं हे नाकारतो.

नवा घडवलेला शब्द नको, बोलण्यातला हवा. शरीराच्या बाजूला 'पीडा नसणं' चालून जाईल. मनासाठी 'बिनघोर' कसा वाटतो, की त्यात बेफिकिरीची छटा येते?