७,२०,७२० चे अवयव ६, १० की २४०?

प्रश्न: ७,२०,७२० या संख्येचे ‘अवयव’ एका ठिकाणी ६, दुसरीकडे १० आणि तिसरीकडे २४० दिलेत. बरोबर कोणते? भाजक आणि विभाजक एकच का?

उत्तर: तिन्ही बरोबर, घोळ ‘अवयव’ हा शब्द सैल वापरल्याचा आहे. संख्या फोडली की २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३ मिळते. वेगवेगळे मूळ अवयव ६. २ चार वेळा आणि ३ दोनदा मोजले की १०. आणि जिने भागल्यावर बाकी शून्य उरते अशी प्रत्येक संख्या मोजली तर २४०. यांना विभाजकच म्हणावे. हिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत.

२४० असे येतात: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा, ५ × ३ × २ × २ × २ × २. एक मिळवायचा, कारण २ एकदाही न घेणे हाही एक पर्याय असतो. तो विसरून नुसते घातांक गुणले तर ८ येतात. या संख्येला १ ते १६ पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जातो, तेव्हा ८ पाहूनच चूक कळायला हवी.

भाजक वेगळा. बाकी उरो वा न उरो, ज्याने भागतो तो भाजक. १७ ने भागले तर भागाकार ४२,३९५ आणि बाकी ५. इथे १७ भाजक आहे, विभाजक नाही. लसाविमधला ‘वि’ विभाज्य आणि मसाविमधला विभाजक, हेही अनेकदा उलटे लिहिले जाते.

शंका: विभाजकांची यादी करताना थांबायचे कुठे?

उत्तर: ८४८ ला. ८४९ चा वर्ग ७,२०,८०१, म्हणजे पुढे गेला. संख्या पूर्ण वर्ग नसल्याने ८४८ पर्यंत बरोबर १२० विभाजक सापडतात आणि प्रत्येकाचा जोडीदार पलीकडे असतो. सर्वांत जवळची जोडी ८४० × ८५८.

पुरवणी: ७, ११ आणि १३ ची कसोटी एकदमच लागते, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करायचे: ७२० − ७२० = ० . आपल्या स्वल्पविरामांप्रमाणे ७, २०, ७२० असे गट धरले तर कसोटी फसते. आधी स्वल्पविराम पुसावेत.

आणखी एक: ‘विभाजकांची बेरीज’ लिहिताना स्वतः ७,२०,७२० ही संख्या धरली की नाही ते सांगा. धरली तर ३२,४९,७९२, वगळली तर २५,२९,०७२. १ मात्र दोन्हींत आहे. विभाजकांत तो धरायचाच, मूळ अवयवांत कधीच नाही.