विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून विकिपीडियाचे लेख सुधारून घ्यावेत का?

परीक्षानळी:
माझं मत : जरूर घ्यावेत, आणि त्याला गुणही द्यावेत. एरवीचा प्रकल्प-अहवाल एकच माणूस वाचतो, तोही गुण देण्यापुरता. इथे कुणीतरी अनोळखी माणूस येऊन ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारून जातो. थॉम्पसन आणि हॅन्ली या संशोधकांचा २०१७ चा प्रयोग बघा. रसायनशास्त्राचे नवे लेख लिहून घेतले, निम्मेच विकिपीडियावर चढवले आणि नंतरच्या शोधनिबंधांची भाषा तपासली. चढवलेल्या लेखांतली शब्दकळा त्यांत जास्त उतरलेली दिसली. म्हणजे संशोधकही हे वाचतात.

तिरपागडा:
साफ असहमत. २०११ साली भारतातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी हेच करून झालंय. पोरांनी उतारेच्या उतारे उचलून डकवले. प्रताधिकारभंगाचा तो ढीग उपसायला स्वयंसेवक बसले आणि शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. गुण तुमच्या पोरांना, निस्तरायचं दुसऱ्यांनी!

परीक्षानळी:
तो घाईचा दोष होता. मसुदा आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) लिहायचा, शिक्षकांनी तपासायचा, मगच मूळ लेखात न्यायचा.

सूक्ष्मदर्शी:
धूळपाटीवर उचलेगिरी पकडता येईल, पण कच्चं विज्ञान? वैद्यकीय लेखांत इंग्रजी विकिपीडियाला संदर्भ म्हणून आढावा-लेख (अनेक प्रयोगांचा एकत्र लेखाजोखा घेणारे) किंवा प्रमाण पाठ्यपुस्तकं हवी असतात, एकट्यादुकट्या प्रयोगाचा निबंध सहसा चालत नाही. आपण वर्गात मात्र ‘मूळ निबंध वाचा’ म्हणून मागे लागतो. मग एखादी हुशार मुलगी उंदरांवरचा ताजा निबंध शोधून काढते, ‘अमुक द्रव्याने गाठ आकसते’ असं लिहिते, आणि ते वाक्य उडतं. तिला वाटतं संपादक खडूस आहे. असेलही, पण त्याचं म्हणणं बरोबर असतं. गाठ असलेला माणूसही तोच लेख वाचत असतो. हे तिला सांगणार कोण? ज्या शिक्षकाने स्वतः कधी संपादन केलेलं नाही, त्याने असला प्रकल्प देऊच नये.

तिरपागडा:
+१. आणि गुण कशाचे देणार? शब्दसंख्येचे दिलेत तर आधीच ठासून भरलेल्या लेखात आणखी हजार शब्द कोंबले जातील. काटछाट केली म्हणून गुण देणारे गुरुजी दाखवा.

भाबडा प्रश्न:
मग मराठी विकिपीडियावर करून घ्या की. तिथे विज्ञानाचे कित्येक लेख दोन-चार ओळींचेच आहेत.

सूक्ष्मदर्शी:
कल्पना चांगली आहे, पण तिथे लक्ष ठेवणारेही मोजकेच. इंग्रजीत चूक पटकन कुणाच्या तरी नजरेला पडते, इथे ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकते. शिवाय पोरं इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत उलथवून आणतील ते वेगळंच.

परीक्षानळी:
पहिल्यांदा शिक्षकांनी स्वतः संपादन करावं, हे मान्य. मराठीत तर अधिकच. पण गुणांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. लेखाच्या ‘इतिहास’ पानावर प्रत्येक बदल नोंदलेला असतो. मी गुण देईन ते चर्चापानावरच्या उत्तरांना, बदललेल्या संदर्भांना आणि हो, विचारपूर्वक वगळलेल्या वाक्यांनाही. लिहिलेलं टिकलं की उडालं, याला शून्य महत्त्व.

तिरपागडा:
हे पटण्याजोगं आहे. फक्त अख्ख्या वर्गाचा ‘इतिहास’ ओळीओळीने वाचायला शिक्षकाला वेळ कुठून आणणार, तेवढं सांगा.